‘नाटकं’ म्हणण्याआधी

कळंबोलीत पालकसभा असो, सोसायटीची मीटिंग असो नाहीतर लग्नाची पंगत, पोरांच्या घाबरण्याचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकायला मिळतं. ही पिढी नाजूक आहे. आईबापांनी हातात मोबाइल दिला, मागेल ते पुरवलं, म्हणून यांना परीक्षा आली की धडधडतं आणि वर्गात उभं केलं की चक्कर येते. ‘अँग्झायटी’ आणि ‘पॅनिक अटॅक’ हे सगळं पोरं रील्स बघून शिकली. आमच्या वेळी असलं काही नव्हतं. घाबरलो तर वडील डोळे वटारायचे आणि भीती पळून जायची. तेव्हा ते समुपदेशक वगैरे राहू द्या, पोरांना जरा कणखर करा.

असं म्हणणारी माणसं दुष्ट नाहीत. त्यांतले बरेच जण माझ्या विद्यार्थ्यांचे आईवडील आहेत. लोखंड बाजारात हिशेब लिहिणारे, तळोजा एमआयडीसीत रात्रपाळी करणारे, ट्रेलर चालवणारे, साताऱ्या-सांगलीकडून किंवा कोकणातून येऊन सिडकोच्या दोन खोल्यांत संसार उभा केलेले. ज्याने स्वतः सोसलं, त्याचा सोसण्यावर विश्वास बसणारच. म्हणून त्यांचं म्हणणं झटकून टाकणं मला पटत नाही. त्याला नीट उत्तर द्यायला हवं. हे मत चुकीचं आहे, आणि त्याची किंमत ते मांडणाऱ्यांना मोजावी लागत नाही, वर्गातल्या मुलांना मोजावी लागते.

आधी पॅनिकचा झटका म्हणजे काय, ते जवळून बघू. दहावीची पूर्वपरीक्षा चालू होती, भूमितीचा पेपर. प्रश्नपत्रिका वाटून थोडाच वेळ झाला होता. एका मुलीने पेन खाली ठेवलं, तोंड उघडून भराभर श्वास घ्यायला लागली आणि न विचारताच उठून बाहेर जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली. तिच्या दोन्ही हातांची बोटं ताठ होऊन आत वळली होती, अंगठे तळव्याकडे ओढले गेले होते. ओठांभोवती मुंग्या येताहेत म्हणत होती. “मॅडम, मला काहीतरी होतंय, मी मरतेय,” एवढंच परत परत. भोवती गर्दी जमली. कुणी तोंडावर पाणी मारलं, कुणी शिपायाला कांदा आणायला पिटाळलं, कुणी “जोरजोरात श्वास घे” म्हणून सांगायला लागलं, आणि मागून एक आवाज आला, “अभ्यास झाला नसेल, नाटकं करतेय.”

तिचा अभ्यास झाला होता. आणि ती बोटं कुणाला ठरवून तशी वळवता येत नाहीत. मेंदूला धोका जाणवला की शरीरात अॅड्रेनलिन सुटतं, हृदयाचे ठोके वाढतात, श्वास वेगात चालतो. पळायचं किंवा लढायचं असतं तर या सगळ्याचा उपयोग झाला असता. पण मूल बाकावर बसलेलं असतं. जोरात श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो, रक्त थोडं अल्कधर्मी होतं, त्यातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं, आणि त्यामुळे बोटं वळतात, मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. हे शरीराचं रसायन आहे, त्याचा संस्कारांशी काही संबंध नाही. पुढचा भाग मनाचा. छातीत धडधडलं की मुलीला वाटतं हार्ट अटॅक आला, चक्कर आली की वाटतं आता शुद्ध जाणार. त्या विचाराने भीती वाढते आणि भीतीने धडधड वाढते. डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने 1986 मध्ये हे चक्र मांडून दाखवलं, आणि पॅनिकवरचे आजचे बरेचसे उपचार त्यावर उभे आहेत. झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग कुणी काही केलं नाही तरी ओसरतो.

एवढं कळलं की मदत कशी करायची हेही कळतं. गर्दी हटवायची. शेजारी बसायचं, अंगावर ओणवं व्हायचं नाही. हळू आवाजात सांगायचं, हा पॅनिकचा झटका आहे, खूप वाईट वाटतं पण याने जीव जात नाही, थोड्या वेळात उतरेल, मी इथेच आहे. “जोरजोरात श्वास घे” हा सल्ला उलटा पडतो, कारण जास्तीच्या श्वासानेच बोटं वळलेली असतात. श्वास नाकाने सावकाश घ्यायचा आणि त्याहून जास्त वेळ लावून सोडायचा. कागदी पिशवी तोंडाला लावायची नाही. मुलाला दमा असेल तर ते घातक ठरू शकतं. आणि असं पहिल्यांदाच झालं असेल तर डॉक्टरांकडून तपासून घ्यायचंच. दमा, थायरॉइड, ठोक्यांचा दोष आणि मुलींमध्ये रक्तक्षय यांतही अशीच लक्षणं दिसू शकतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त महिलांमध्ये रक्तक्षय आढळला होता. हिमोग्लोबिन कमी असलं की जिना चढतानाही धडधडतं. ते न तपासता सगळं मनावर ढकलणं हाही निष्काळजीपणाच.

आता ‘आमच्या वेळी नव्हतं’ या मुद्द्याकडे येते. जेकब डा कोस्टा या अमेरिकन डॉक्टरने 1871 मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या यादवी युद्धातले सैनिक त्याच्याकडे येत. छातीत धडधड, धाप, छातीत दुखणं, चक्कर. हृदय तपासावं तर त्यात दोष सापडत नसे. त्या सैनिकांना कुणी लाडावलं नव्हतं, त्यांच्या हातात मोबाइल नव्हता आणि रणांगणावर उभ्या राहिलेल्या माणसाला नाजूक म्हणायची कुणाची प्राज्ञा नाही. पॅनिक हा स्वतंत्र विकार म्हणून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीत 1980 मध्ये आला. त्याआधी तो लोकांना होतच होता.

आपल्या गावांतही होत होता. शाळेचं नाव काढलं की पोट धरून बसणारा मुलगा, परीक्षेच्या सकाळी दातखीळ बसणारी मुलगी, चारचौघांत गेलं की हातपाय गार पडणारी सून प्रत्येक गावात होती. कांदा हुंगवायचे, मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढायचे, तेवढ्याने भागलं नाही तर भगताकडे नेऊन गंडा बांधायचे. बाधा समजून मारहाणही व्हायची. पुढे काय व्हायचं? मुलीची शाळा सुटायची आणि लवकर लग्न लावून दिलं जायचं. मुलाला ‘याचं डोकं चालत नाही’ म्हणून गुरांमागे धाडलं जायचं, नाहीतर मुंबईत एखाद्या हॉटेलात कपबशा विसळायला. आज पालकसभेत उभं राहून ‘आमच्या वेळी’ म्हणणारे हे त्या चाळणीतून पार झालेले आहेत. जे अडकले, ते सभेला बोलावलेच जात नाहीत.

आणि वडिलांनी डोळे वटारल्यावर भीती पळायची, हेही खरं नाही. सांगणं बंद व्हायचं. किती तरी पुरुष पन्नाशीतही लिफ्टमध्ये पाय ठेवत नाहीत, लांबचा प्रवास टाळतात, भाषणाची वेळ आली की आजारी पडतात, किंवा रात्री थोडी घेतल्याशिवाय त्यांना झोप येत नाही, आणि या सगळ्याला त्यांनी आयुष्यात एकदाही भीती म्हटलेलं नाही. त्यांच्याविषयी मला मनापासून वाईट वाटतं. त्यांना कुणी वेळेवर विचारलं असतं, तर अनेकांचा हा त्रास कमी झाला असता.

हे किती मुलांना होतं? बेंगळुरूच्या निम्हान्सने 2015-16 मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. 13 ते 17 वयाच्या मुलांत 7.3 टक्के मुलांना कुठला ना कुठला मानसिक विकार आढळला. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात साधारण चार. सर्वेक्षण 12 राज्यांत झालं आणि त्यात महाराष्ट्र नव्हता. देशाला दिशा दाखवण्याची भाषा करणाऱ्या राज्याने आपल्या किशोरवयीन मुलांची अशी मोजणी आपणहून करायला हवी होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 10 ते 19 वयात दर सातांतल्या एकाला मानसिक विकार असतो. रोनाल्ड केसलर यांचा 2005 मधला अमेरिकेतला अभ्यास सांगतो की माणसाला आयुष्यात होणाऱ्या मानसिक विकारांपैकी निम्म्यांची सुरुवात वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत झालेली असते. चौदावं वर्ष म्हणजे आठवी-नववी. आपल्याकडे ‘वयात येताना असं होतंच’ म्हणून नेमकी हीच वर्षं सोडून दिली जातात.

कणखर करा म्हणणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र मला पूर्ण मान्य आहे. घाबरतं म्हणून मुलाला घरी बसवू नये. याबाबतीत मी त्यांच्याहून कडक आहे. जिन्यावर बसलेल्या त्या मुलीच्या घरी फोन लावायचं चाललं होतं, ‘येऊन घेऊन जा’ म्हणून. ती तेव्हा घरी गेली असती, तर तिच्या मेंदूने एकच धडा घेतला असता की परीक्षेच्या वर्गात धोका होता आणि पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी झटका आणखी लवकर आला असता. ती परत वर्गात गेली. बाक तोच, फक्त दाराजवळ सरकवलेला. सगळा पेपर तिला लिहिता आला नाही, पण घंटा होईपर्यंत ती जागेवर होती आणि भीती चढून पुन्हा उतरते हे तिने स्वतः अनुभवलं. त्या दिवशी तिच्या मार्कांपेक्षा हे मोलाचं होतं.

मतभेद इथून पुढे सुरू होतो. मुलाला भीतीसमोर उभं करायचं हे ठरलं, पण कसं? त्यांच्याकडे एकच साधन आहे, धाक. आणि धाकाने मूल भीतीसमोर उभं राहत नाही, ते भीती लपवायला शिकतं. त्याला आता दोन भीती असतात, एक गणिताच्या पेपरची आणि दुसरी ‘घाबरलो तर बाबा काय म्हणतील’ याची. मग पोट दुखतं, डोकं दुखतं, कंपास हरवतो, बस चुकते. शाळा टळते ती टळतेच, फक्त कारण बदलतं.

एका मुलाचं उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. दहावीनंतर त्याला नेरुळच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. मानसरोवरहून लोकल. एका सकाळी गर्दीत, खारघर सोडल्यावर त्याला झटका आला. बेलापूरला उतरून तो फलाटावर बसून राहिला. घरी वडील म्हणाले, “अख्खी मुंबई लोकलने जाते, तुलाच काय झालंय?” आई म्हणाली, “राहू द्या, आजच्या दिवस सोडा त्याला बाइकवर.” आजच्या दिवसाचे आठवडे झाले. वडील रात्रपाळी करून आल्यावर चिडचिड करत त्याला सायन-पनवेल रस्त्याने सोडायला जायचे. मग बाइकवरही त्याला अस्वस्थ व्हायला लागलं. मग कॉलेज आठवड्यातून दोन दिवस. मग मित्रांबरोबर खारघरला सिनेमा नको, केस कापायला सलूनची खुर्ची नको, सोसायटीच्या गणपतीत आरतीला उभं राहणं नको. घर एकच, पण वडील ओरडतात म्हणून आई जास्त सांभाळते आणि आई सांभाळते म्हणून वडील जास्त ओरडतात. दोघांचंही मुलावर प्रेम आहे, आणि दोघांच्या मधोमध त्याचं जग आकसत चाललं.

पालकांच्या या सांभाळून घेण्यावर येल विद्यापीठातल्या एली लिबोविट्झ यांनी बरीच वर्षं काम केलं आहे. त्यांच्या पद्धतीत मुलाला उपचाराला बसवतच नाहीत, फक्त आईवडिलांना शिकवतात. मुलाच्या भीतीसाठी आपण रोज काय काय बदलतो याची यादी करायची, त्यातली एक गोष्ट निवडायची, आणि मुलाला आधी सांगून ती थांबवायची. सांगताना दोन गोष्टी एकत्र बोलायच्या. तुला खरंच त्रास होतो हे मला कळतं, आणि तू हे निभावू शकतोस असा माझा विश्वास आहे. 124 मुलांच्या कुटुंबांवर केलेल्या अभ्यासात असं आढळलं की फक्त पालकांना शिकवल्याचा फायदा मुलांवर थेट केलेल्या उपचाराइतकाच होता. म्हणजे मूल समुपदेशकाकडे यायला तयार नाही ही अडचण शेवटची नाही. आईवडील यायला तयार झाले तरी काम सुरू होतं.

त्या मुलाच्या बाबतीत पायऱ्या लावल्या गेल्या. पहिल्यांदा तिकीट काढून मानसरोवरच्या फलाटावर नुसतं बसायचं, दोनचार गाड्या जाऊ द्यायच्या. मग दुपारच्या रिकाम्या गाडीने खारघर, वडिलांबरोबर. मग तेच, पण वडील शेजारच्या डब्यात. मग एकट्याने बेलापूर. प्रत्येक पायरीवर धडधड होणार हे आधीच मान्य करायचं, आणि ती उतरेपर्यंत गाडी सोडायची नाही. धडधडीची भीती कमी व्हावी म्हणून घरी जिने चढून-उतरून मुद्दाम ठोके वाढवायचे आणि बघायचं की ठोके वाढले तरी काही होत नाही. मधे एकदा घसरण झाली, तीन पायऱ्या मागे जावं लागलं. त्याने ते वर्ष वाचवलं. जे वडील ‘कणखर कर’ म्हणायचे, त्यांनी मुलाबरोबर फलाटावर काहीही न बोलता बसून राहायला किती ताकद लागते हे पाहिलं. ओरडणं त्यापेक्षा कितीतरी सोपं होतं.

इथे एक खबरदारी. भीतीचं कारण खरंखुरं असेल तर या पायऱ्या लावायच्या नसतात. वर्गात छळ होत असेल, क्लासच्या वाटेवर कुणी त्रास देत असेल, एखाद्या मोठ्या माणसाचा स्पर्श मुलीला नकोसा असेल, तर तिला तिथे सवयीने उभं करणं हा अन्याय आहे. आधी ते कारण दूर करायचं. आणि हे विचारल्याशिवाय कळत नाही. धाकाच्या घरात मूल हे सगळ्यात शेवटी सांगतं, कधी सांगतच नाही. कणखरपणाच्या उपदेशाविरुद्ध माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे.

‘हे पाश्चात्त्यांचं खूळ’ असंही म्हटलं जातं. विचार तपासून भावना बदलण्याची पद्धत आपल्याकडे आताच आलेली नाही. अल्बर्ट एलिस यांचा विवेकनिष्ठ मानसोपचार कि. मो. फडके यांनी मराठी माणसांपर्यंत आणला, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये ठाण्यात आयपीएच ही संस्था सुरू केली आणि हीच भाषा शाळा-कॉलेजांपर्यंत नेली. ठाणे कळंबोलीपासून काही परदेशात नाही.

उपचाराने खरंच फरक पडतो का? अमेरिकेत 7 ते 17 वयाच्या 488 मुलांवर केलेला एक मोठा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. विचार-वर्तन उपचार घेतलेल्यांपैकी जवळपास 60 टक्के मुलांत चांगली सुधारणा झाली, फक्त सर्ट्रालिन हे औषध घेतलेल्यांत 55 टक्के, दोन्ही मिळून घेतलेल्यांत 81 टक्के आणि नुसती बिनऔषधी गोळी घेतलेल्यांत 24 टक्के. रागावण्याने किती मुलं बरी होतात याचा असा हिशेब कुणी मांडून दाखवला तर मी वाचायला तयार आहे.

गोळ्यांची भीती वेगळी. सर्ट्रालिनच्या जातीच्या औषधांची दारूसारखी चटक लागत नाही, पण ती मानसोपचारतज्ज्ञांनीच द्यायची असतात. पहिल्या काही आठवड्यांत मुलाच्या वागण्याकडे, विशेषतः जीव नकोसा होण्याच्या बोलण्याकडे, लक्ष ठेवायचं असतं आणि गोळी मनाने बंद करायची नसते. सवय लागते ती दुसऱ्या जातीच्या, झोपेच्या आणि ‘टेन्शनच्या’ गोळ्यांची. परीक्षेच्या आदल्या रात्री आजोबांच्या डबीतली अर्धी गोळी नातवाला देणारी घरं आहेत. हे करू नका.

मोबाइलवर फार शब्द खर्च करत नाही. रात्री एक वाजेपर्यंत स्क्रीन बघणाऱ्या मुलाची झोप तुटते आणि झोप तुटलेल्या शरीराला भीती लवकर पकडते, एवढं नक्की. घरातले सगळेच फोन रात्री दिवाणखान्यात चार्जिंगला लावा, मोठ्यांचेही. पण फोन काढून घेतला की पॅनिक जाईल असं समजू नका. डा कोस्टाच्या सैनिकांनी हे उत्तर आधीच दिलं आहे.

आता शाळांकडे वळते, कारण आम्हीही धुतल्या तांदळाचे नाही. परीक्षा जवळ आली की एक ‘तणावमुक्ती’ व्याख्यान ठेवायचं, प्रार्थनेनंतर पाच मिनिटं सगळ्यांना डोळे मिटायला लावायचं, फोटो काढायचा आणि काम झालं म्हणायचं, अशी पद्धत पडली आहे. ब्रिटनमध्ये 80 हून अधिक शाळांतल्या 8 हजारांवर मुलांवर सजगतेच्या वर्गांचा प्रयोग झाला. 2022 मध्ये निकाल आले, मानसिक आरोग्यात नेहमीच्या शाळांपेक्षा फरक दिसला नाही. सगळ्या वर्गाला सारखं काहीतरी वाटून दिल्याने साठांतल्या त्या चौघांपर्यंत मदत पोचत नाही.

मग काय पोचतं? याचं उत्तर बिहारने दिलं आहे. नालंदा जिल्ह्यातल्या 74 सरकारी माध्यमिक शाळांत गोव्याच्या संगाथ संस्थेने एक प्रयोग केला, तो 2018 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. काही शाळांत हे काम शिक्षकांकडे दिलं, काही शाळांत बाहेरच्या, पदवीधर मानसशास्त्रज्ञ नसलेल्या पण नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकाकडे. समुपदेशक होता तिथे शाळेचं वातावरण सुधारलं, मुलांचं नैराश्य आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकांकडे दिलं तिथे फरक पडला नाही. मी स्वतः शिक्षिका असून हे मान्य करते. पेपर तपासणी, निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं या सगळ्यात घाबरलेल्या मुलासमोर अर्धा तास शांत बसायला आम्हाला वेळ नसतो. शिवाय जी व्यक्ती मार्क देते, तिला मूल सगळं कसं सांगेल? लाखामागे एकही मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या देशात हा निष्कर्ष फार मोलाचा आहे. मोठ्या पदव्यांची माणसं मिळेपर्यंत थांबायची गरज नाही. एक प्रशिक्षित, निवांत, रोज तिथेच सापडणारी व्यक्ती पुरते, आणि तिच्या आवाक्याबाहेरचं असेल तेव्हा पुढे कुठे पाठवायचं हे तिला ठाऊक असावं लागतं.

आणि ही आता कुणाच्या मर्जीची गोष्ट राहिलेली नाही. 25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश या प्रकरणात देशभरच्या शिक्षणसंस्थांसाठी 15 निर्देश दिले. नीटची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूचं ते प्रकरण होतं. न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने सांगितलं की 100 किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावं. मार्कांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत अपमान करू नये. यात कोचिंग क्लासही आले. कळंबोलीत शंभरच्या खाली पट असलेली शाळा शोधावी लागेल. क्लासच्या दारावर टॉपरांचे फोटो लागतात आणि आत ‘ढ’ मुलांची बॅच वेगळी बसते, तीही याच निर्देशांच्या कक्षेत येते.

शेवटचा आक्षेप पैशाचा, आणि तो खरा आहे. “मॅडम, हे पैसेवाल्यांचे चोचले, आम्हाला कुठे परवडतं?” खासगी समुपदेशनाची एका वेळची फी इथल्या अनेक घरांत दोन दिवसांची मजुरी असते. पण आजार पगार बघून येत नाही, आणि उपचार न घेण्याचीही किंमत असते. वारंवार ईसीजी, एकामागून एक डॉक्टर, बुडालेलं वर्ष, सुटलेलं कॉलेज. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन 10 ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. 14416 हा नंबर, चोवीस तास, फुकट, मराठीतही. मूल जगणं नको म्हणत असेल, स्वतःला इजा करत असेल, तर त्याला एकटं सोडू नका, लगेच तिथे फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात न्या. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यायचं असतं. कंपनीत काम करणाऱ्या पालकांनी आपल्या पॉलिसीत हे विचारून घ्यावं. केंद्राचा किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 2014 पासून आहे आणि महाराष्ट्रात त्याखालची किशोरवयीन मुलांची केंद्रं ‘मैत्री’ नावाने चालतात. जिल्हा रुग्णालय अलिबागला आहे, रात्रपाळीच्या बापाला मुलाला घेऊन दर पंधरवड्याला तिथे जाणं जमणार नाही. पनवेल महापालिका 2016 मध्ये झाली, तिची नागरी आरोग्य केंद्रं आता आपल्या वस्तीत आहेत. आठवड्यातली एक संध्याकाळ, शाळा सुटल्यावरची, तिथे किशोरवयीन मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी राखून ठेवावी ही मागणी आपण नगरसेवकांकडे गटारं आणि पाण्याइतक्याच हक्काने करायला हवी.

पुढच्या पालकसभेत कणखरपणावर भाषण सुरू झालं, तर कुणीतरी उठून मुख्याध्यापकांना विचारावं: समुपदेशक कोण आहे, कुठल्या वारी असते, किती वाजता? मूल न विचारता तिच्याकडे जाऊ शकतं का? झटका आलेल्या मुलाला कोण सांभाळणार, हे शिपायापर्यंत सगळ्यांना माहीत आहे का? पालकांसाठी महिन्यातून एकदा रविवारी बसायची सोय होईल का, कारण बाकीचे सहा दिवस इथे कुणालाच सुट्टी नसते. आणि त्या समुपदेशकाला खोली द्यायची झाली, तर ती ऑफिससमोरची देऊ नका. तिथे कोण गेलं हे अख्ख्या शाळेला दिसतं, आणि मग कुणीच जात नाही. वाचनालयाच्या मागची द्या.